जमते म्हणणाऱ्याच्या मागं

रामटेकेबाई नव्या माणसाला सगळ्यात आधी संडास दाखवायच्या.

थट्टा नाही करत मी. बल्लारपूरहून गोंडपिपरीकडं जाताना रस्त्याला लागून आमचा प्लायवूडचा कारखाना आहे. नाव सांगायची मला हौस नाही. तिथं रुजू होणारा माणूस, मग तो लाकूड सोलायच्या मशीनवरचा हेल्पर असो की नागपूरहून आलेला इंजिनियर, पहिल्या दिवशी बाईंच्या ताब्यात जायचा. बाई ट्रेनिंगच्या इन्चार्ज. स्वतः गेटावर यायच्या, माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या आणि चपला फटफट वाजवत पुढं निघायच्या. आधी संडास, मग पिण्याचं पाणी, मग कॅन्टीन, मग दवाखान्याची खोली. मशीन शेवटी. एका नव्या साहेबानं घाईघाईनं विचारलं, "मॅडम, प्लँट कधी बघायचा?" तर म्हणाल्या, "मशीन कुठी पळून नाई जात, साहेब. पोट अन् लघवी थांबत नाई." साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मी टाइम ऑफिसच्या खिडकीत हसू दाबत बसलो होतो. माझं काम हजेरीचं आणि भोंग्याचं, त्यामुळं गेटावरचा प्रत्येक तमाशा मला फुकटात बघायला मिळायचा.

बाई ठेंगण्या. सुती साडी, अंबाड्यात खोचलेला पेन, आणि आवाज असा की प्लाय दाबायची प्रेस चालू असताना पलीकडच्या टोकाचा माणूस वळून बघायचा. नव्या माणसाचं नाव त्या पहिल्या आठवड्यात घ्यायच्याच नाहीत. "गाव कोन्तं?" विचारायच्या आणि त्याच गावानं हाका मारायच्या. "ए राजुरा, इकडं ये." "ओ सिरोंचा, हेल्मेट काय शोभेचं हाय का?" मी एकदा म्हणालो, बाई, माणसाला नाव असतं. तर मलाच फटकारलं, "नाव ऑफिसले लागते, टायमबाबू. गाव विचारलं का मानूस बोलाले लागते." मला त्या कायम टायमबाबूच म्हणाल्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

दुपारी त्यांचा एकच सवाल असायचा, "कोनासंग जेवला?" काय जेवला, पोट भरलं का, हे नाही. कोणासंग. नवा माणूस 'एकटाच' म्हणाला की त्याचा डबा उचलून एखाद्या भरल्या टेबलावर आदळायच्या आणि तिथल्या लोकांना दम द्यायच्या, "ह्याले विचारा जरा, ह्याच्या गावात काय पिकते."

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. त्या स्वतः नव्या लागल्या तेव्हा ऑफिसात टायपिस्ट होत्या. पहिल्या दिवशी डबा घेऊन टेबलाशी गेल्या. कोणीतरी आडनाव विचारलं. यांनी सांगितलं. "अन् डबे सरकले, बाबू. कोनी काही बोललं नाई. वाईट शब्द एक नाई. नुसते डबे सरकले." पुढं बरेच दिवस त्या सायकल स्टँडकडं तोंड करून जेवत होत्या. सांगताना रडल्याबिडल्या नाहीत. सुपारी कातरत सांगितलं आणि विषय बदलला. 

आता 'जमते'चं सांगतो. आमच्याकडं हा शब्द फार कामाचा. भाजीत मीठ कसं? जमते. सून कशी मिळाली? जमते. घरात पाणी शिरलं, कंबर धरली, बैल मेला, आणि रस्त्यात कोणी विचारलं, काय भाऊ, कसं काय? जमते. त्याचा अर्थ 'छान' होतो, 'चालेल' होतो, आणि 'मी मरून राह्यलो, पण तुले सांगून काय फायदा' असाही होतो. कोणता घ्यायचा ते तोंड बघून ठरवायचं. बाईंचा नियम ठरलेला होता. "शिव्या देते त्याची चिंता नाई, तो टिकते. रडते तोही टिकते. पन जमते म्हनते ना, त्याच्या मागं जा."

आणि त्या खरंच मागं जायच्या. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला बिस्वास नावाचा पोरगा गोंद कालवायच्या खात्यात लागला होता. मराठी फारशी येत नव्हती, पण हा शब्द त्यानं आल्या आल्या उचलला. बाई विचारायच्या, "कैसा चल रहा है?" हा म्हणायचा, "जमते, मॅडम." बाई गेल्या त्याच्या मागं मागं. तर हा नळाखाली डोकं घालून डोळ्यांवर पाणी मारतोय. डोळे लाल भडक. गोंदाच्या वाफेसाठी चष्मा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, काम म्हणजे असंच असतं, सगळ्यांचेच डोळे जळत असतील. बाईंनी फोरमनचा असा उद्धार केला की कॅन्टीनमधल्या बाया कान देऊन उभ्या राहिल्या. बिस्वास अजून आहे. आता तोच त्या खात्याचा सुपरवायझर आहे.

मग 'सोबती' आला.

वरच्या मंडळींनी ठरवलं की नव्या माणसाला रुळवायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेनं करायचं. पुण्याची एक कंपनी गाठली. इंग्रजीत या बुद्धिमत्तेला एआय म्हणतात, कॅन्टीनमध्ये लगेच तिची 'ए आय' झाली. "ए आय, जेवाले वाढ ना वं," असं ओरडून लोक खिदळायचे. आम्हाला वाटलं, आता बाई कमरेला पदर खोचून भांडणार. पण झालं उलटंच. सगळ्यांत जास्त हौस बाईंनाच. पुण्याहून अथर्व नावाचा मुलगा आला होता, चांगला होता बिचारा, त्याच्यासमोर बाई पूर्ण पावसाळा बसल्या. जे जे माहीत होतं ते सगळं बोलल्या. नावही त्यांनीच दिलं. कंपनीनं काहीतरी इंग्रजी आणलं होतं, बाई म्हणाल्या, "हे कोनाच्या तोंडात बसन? सोबती म्हना." शेवटी आवाजही त्यांचाच घेतला.

फोरमन तेव्हा तोंडावर म्हणाला, "बाई, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." बाईंनी त्याला ऐकवलं, "अरे, मी एकटी किती पुरू? सिरोंच्याचा पोट्टा तेलुगूत विचारते, मुलचेऱ्याचा बंगालीत. मले दोन्ही नाई येत. अन् मानूस मानसाले विचाराले लाजते. मशीनले काहाले लाजन?"

खोटं कशाला बोलू, सोबती कामाचा निघाला. नवा माणूस मोबाईल तोंडाशी धरून आपल्या बोलीत काय वाटेल ते विचारायचा आणि बाईंच्या आवाजात उत्तर मिळायचं. हेल्मेट कुठं मिळतं, रजा कशी टाकायची, मुकादम शिवी देतो तर काय करू. एकानं विचारलं होतं, अंगाला गोंदाचा वास येतो, बायको जवळ येऊ देत नाही, उपाय सांगा. बाई हसून हसून लाल झाल्या. "पाह्य! हे मले कोनी विचारलं असतं का? हे माह्याहून शहाणं हाय. वैतागत नाई." एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आपण नसलो तरी इथं कोणी नवा माणूस एकटा पडणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बिनसलं ते जमतेवरून. रोज संध्याकाळी सोबती विचारायचा, "आजचा दिवस कसा गेला?" उत्तर ऐकून तो माणसाच्या नावापुढं रंग लावायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल लागला की खात्यातल्या माणसानं जाऊन भेटायचं. बाईंनी अथर्वला बजावलं होतं, जमते म्हणणाऱ्याला लाल लाव. त्यानं लावला. आणि झालं काय, निम्म्याच्या वर कारखाना लाल. मोठे साहेब कपाळाला हात लावून बसले. मी हजेरीची कागदं घेऊन तिथंच उभा होतो.

"बाई, हे असं वर कसं दाखवू?"

"लाल हाय म्हनून लाल दिसते, साहेब."

"अहो, जमते म्हणजे ठीक आहे, असंच ना?"

"नाई. जमते म्हंजे जाऊन पाहा."

साहेबांनी अथर्वकडं बघितलं. अथर्वनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून जमते हिरवं झालं.

पुढं काय होणार ते आंधळ्यालाही दिसत होतं. ट्रेनिंगचं खातं सोबतीकडं गेलं आणि बाईंना लाकडाच्या वजनकाट्यावर बसवलं. रिटायर व्हायला थोडेच महिने होते, म्हणून म्हणे हलकं काम दिलं. मला त्या निर्णयाची आजही चीड येते. बाई ट्रक आला की उठायच्या, वजन बघायच्या, बसायच्या. अंबाड्यात पेन तसाच.

त्याच दिवसांत ललिता नरोटे लागली. मुलचेऱ्याच्या पुढं, जंगलातलं गाव. गडचिरोलीत शिकून डिप्लोमा केलेला, गोंद तपासायच्या लॅबमध्ये नेमणूक. तिच्या गावातून कारखान्यात लागलेलं हे पहिलंच माणूस. गावातल्या तिच्या मागच्या मुली तिच्यावर डोळे लावून बसल्या होत्या, ही टिकली तर त्यांचे आईबाप त्यांना पाठवणार. पहिल्या दिवशी ती गेटात उभी राहिली. सिक्युरिटीनं मोबाईल दिला. मोबाईल म्हणाला, उजवीकडं वळा. ती वळली. तिला घ्यायला कोणी येण्याची गरजच उरली नव्हती.

लॅबमधली मुलं वाईट नव्हती. पण तिच्या बोलण्याची नक्कल करायची. "काय वं, तुमच्या जंगलात बंदुका झाडाले लागतात काय?" असं विचारायची आणि सगळी हसायची. मजाक हो, नुसता मजाक. संध्याकाळी सोबती विचारायचा, दिवस कसा गेला. ललिता म्हणायची, जमते. हिरवं.

बाईंना ती दिसली वजनकाट्यामागं. लाकडाच्या थप्पीच्या सावलीत पाठ करून जेवत होती. बाईंनी हाक मारली, जवळ बसवली. मग रोज दोघी सोबत जेवायला लागल्या. बाई विचारायच्या, कसं हाय? ती म्हणायची, जमते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते ऐकून बाई ताडकन उठल्या आणि काटा सोडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मी रजेच्या अर्जावर सही घ्यायला गेलो होतो, मला बघून थांबल्याही नाहीत.

"त्या नरोटेच्या पोट्टीकडं कोनाले तरी पाठवा. रोज भेटनारा मानूस द्या तिले. लॅबमधलाच द्या. मी बाहेरची झालो, माह्यानं नाई भागत."

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "बघा. पहिल्या दिवसापासून हिरवी आहे."

"अन् मी तुमाले लाल सांगून राह्यलो."

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही आता काट्यावर आहात."

बाई परत गेल्या. जाताना चपलांचा आवाज आला नाही, एवढं मला आठवतं.

होळीच्या सुट्टीत ललिता गावी गेली ती आलीच नाही. हजेरीत तिची जागा रिकामी पडायला लागली तेव्हा मी बाईंना जाऊन सांगितलं. सोबतीला मात्र काही पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं तिच्या मोबाईलवर निरोप धाडला, तुमचा रुळण्याचा काळ यशस्वीपणे पूर्ण झाला, हार्दिक अभिनंदन.

आम्ही दोघं रविवारी एसटीनं निघालो. बाई खिडकीशी बसल्या. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला. मुलचेऱ्याला उतरलो, पुढं एका मालवाहू गाडीतून गेलो, मग चालत. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. ललिताच्या आईनं पाणी दिलं, खाट टाकली. तिला मराठी येत नव्हती. ती गोंडीत काहीतरी म्हणाली, ललितानं ते आम्हाला सांगितलं नाही. कुडाच्या बाहेर दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. शाळेतल्या वयाच्या नव्हत्या, नोकरीच्या वयाच्या होत्या. त्या कशाला आल्या ते मला कळलं, बाईंनाही कळलं.

"कोनी काही बोललं का तुले?" बाईंनी विचारलं.

"नाई, मॅडम. तिथी कोनी वाईट नाई." ललिता फुलं सारखी करत होती. "मोबाईल रोज विचारे. इतकं गोड विचारे. मी म्हनो, जमते. मले वाटे, आता एखादा मानूस येईन, म्हनन, ललिता, खरं सांग. लॅबमधून कोनीच नाई आलं."

"मी आलो ना," बाई म्हणाल्या.

"तुमी आल्या." ती पहिल्यांदा वर बघून हसली. "तुमच्यासंगच तं जेवत होतो मी. पन तुमी रिटायर होऊन राह्यल्या ना? मंग?"

मला वाटलं बाई आता काहीतरी सांगतील. साहेबांना बोलतो, बिस्वासला सांगतो, होईल काहीतरी. एवढं खोटं तर कोणीही बोलतं आणि त्यानं कोणाचं वाईट होत नाही. मीच बोलणार होतो. पण बाईंनी नव्या माणसाला कधी खोटी आशा दाखवली नव्हती आणि त्या दिवशीही दाखवली नाही.

"मंग मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "माह्या हातात आता काही नाई."

ललितानं मान हलवली. कुडाबाहेरच्या मुली जराशानं निघून गेल्या. आईनं आम्हाला वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी बांधून दिली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

परतीच्या गाडीत बाई एकदाच बोलल्या. "टायमबाबू, त्याले गोड बोलाले मीच शिकवलं ना?" मी म्हणालो, बाई, तुमचा काय दोष, तुम्ही तर लाल लावायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पुरचुंडी मांडीवर धरून बाहेर बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

नवी माणसं सोडून जातात, हे मग वरच्यांच्याही ध्यानात आलं. ललितासारखे आणखीही होते. यावर उपाय काय काढावा? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ठरलं असं की सोडून जाणाऱ्याला सोबतीनं प्रेमानं निरोप द्यायचा. म्हणजे त्याला बरं वाटेल, आणि कदाचित तो परतही येईल. अथर्व पुन्हा पुण्याहून आला. आवाज बाईंचाच हवा होता. मीटिंगच्या खोलीत रेकॉर्डिंगसाठी खिडक्यांना चादरी लावल्या. तेवढ्या वेळात भोंगा वाजू नये म्हणून मलाही तिथं बोलावलं, मी दाराशी उभा राहिलो. त्या महिनाअखेरीला बाई रिटायर झाल्या. निरोपसमारंभाच्या दिवशी माझी आई दवाखान्यात होती, त्यामुळं माझ्यासाठी बाईंचं शेवटचं दर्शन ते, त्या खोलीतलं.

अथर्वनं कागद पुढं ठेवला. बाईंनी चष्मा लावला. वाक्यं अशी होती, "तुम्ही गेलात, आम्हाला तुमची आठवण येते. पुन्हा यावंसं वाटलं, तर आमचं दार उघडं आहे."

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "आम्हाला म्हंजे कोनाले?"

अथर्वनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"कंपनीला, मॅडम," तो म्हणाला.

"हं."

त्यांनी वाचलं. अथर्व म्हणाला, मस्त, आता जरा हसून. त्यांनी हसून वाचलं. अथर्वनं अंगठा दाखवला, झालं म्हणाला. बाई उठता उठता थांबल्या.

"हे ललितालेही जाईन काय?"

"हो, मॅडम. आजवर सोडून गेलेल्या सगळ्यांना जाईल."

"मंग थांब. पुन्हा घे."

पाणी प्यायल्या. पदर नीट केला. कागद बाजूला सारला आणि माईकच्या अगदी जवळ झाल्या. तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. भरल्या टेबलावर डबा आदळणारी बाई ती नव्हतीच.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू गेलीस. आमाले तुही आठवन येते."

 अथर्वनं कानावरचा हेडफोन काढला, डोळे पुसले. मुलगा चांगला होता, मी म्हणालोच. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फार छान होतं. पण 'पोरी' नको. मुलंही असतात ना. आणि 'तू'च्या जागी 'तुम्ही'."

"बराबर हाय," बाई म्हणाल्या. कागद पुन्हा समोर ओढला, चष्मा सारखा केला, आणि लिहिलं होतं तेवढंच वाचलं.